रंगाचे वजन

भिलाईच्या कारखान्यातून निघून सबंध हिंदुस्थानच्या लोहमार्गांवर जाऊन पडणाऱ्या रुळांना, क्वचित अपवाद सोडल्यास, रंगाचा एक थेंबही लागलेला नसतो. ते लांबच लांब पोलादी दांडे गंजाच्या तपकिरी वर्णातच वाघिणींवर चढतात, आणि पुढे चाकांच्या घर्षणाने त्यांचा माथा उजळतो तेवढीच काय ती त्यांची सजावट. परंतु ज्या कारखान्यात हे रूळ तयार होतात, तेथील टाक्या, याऱ्या, नळमार्ग आणि छपरांच्या कैच्या यांची गोष्ट अगदी निराळी आहे. त्यांच्या अंगावर अस्तराचा एक, मधला एक आणि वरचा एक असे थर चढवून एकूण जाडी दोन-तीनशे मायक्रॉनपर्यंत नेण्याचा प्रघात आहे, आणि तपासनीस जाडीमापक यंत्र टेकवून पाहतो ते प्रामुख्याने एवढ्याचसाठी की लेप ठरल्यापेक्षा पातळ तर राहिला नाही ना. पोलादाच्या नगरीत वाढलेल्या माणसाची रंगाविषयीची समजूत अशा रीतीने आपोआप घडत जाते, आणि ती समजूत अशी की रंग जितका जाड, तितके धातूचे आयुष्य अधिक. हाच मनुष्य पुढे हौसेने विमानाचा एखादा सुटा भाग रंगवावयास बसला, तर त्याला पहिल्या दिवशी विसरावी लागते ती हीच समजूत.

या नगरीचा इतिहास मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही. छत्तीसगडचा मुलूख 1741 पासून 1854 पर्यंत या ना त्या स्वरूपात नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि पुढे इंग्रजी अमदानीत व स्वातंत्र्यानंतर 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याचे दप्तर नागपूरच्याच सचिवालयाशी जोडलेले होते. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले, त्या काळात विदर्भातून नोकरीनिमित्त येऊन सेक्टरांच्या वसाहतीत स्थिरावलेल्या कुटुंबांत आज तिसरी पिढी नांदत आहे. लेथ, वेल्डिंग, गेज, सहनमर्यादा हे शब्द ज्या घरांत जेवणाच्या पाटावर उच्चारले जातात, अशा घरांतील वाचकाला धातूची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्याला केवळ एका हलक्या धातूच्या आणि एका अतिशय पातळ लेपाच्या राज्यात घेऊन जावयाचे आहे.

विमान घरी बांधावयाचे ही कल्पना ऐकणारास प्रथम विक्षिप्त वाटते. तथापि अमेरिकेत पॉल पोबरेझ्नी यांनी 1953 साली मिलवॉकी येथे हौशी विमानबांधणीकारांची जी संघटना काढली तिचा आज प्रचंड विस्तार झालेला आहे, आणि ऑरेगॉन राज्यातील रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून सुट्या भागांच्या पेट्या मागवून लोकांनी आपापल्या गॅरेजात बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आकाशात उडून आली आहेत. आपल्याकडे असे उदाहरण शोधू गेल्यास नजर अपरिहार्यपणे कांदिवलीच्या चारकोप वसाहतीतील एका इमारतीच्या गच्चीवर जाऊन थांबते. व्यवसायाने वैमानिक असलेले अमोल यादव यांनी या गच्चीवर सहा आसनांचे विमान स्वतः उभे केले. ते सुटे करून खाली उतरवले, फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, आणि दप्तरी खेटे घातल्यानंतर 2017 च्या अखेरीस त्याची नोंदणी होऊन त्यास व्हीटी-एनएमडी ही अक्षरे मिळाली. वर्तमानपत्रांनी गच्चीचे कौतुक केले आणि परवान्याच्या विलंबाची चर्चाही भरपूर केली; परंतु असे विमान बांधणाऱ्या माणसाचे कितीतरी दिवस ज्या कामात जातात, त्या पत्रे घासण्याच्या, धुण्याच्या आणि रंगवण्याच्या कामाविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. हे काम दिसावयास बिनमहत्त्वाचे असल्यामुळेच येथे त्याचा तपशीलवार विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे पाहू की विमानाला रंग हवाच कशाला. जुन्या विमानांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. लाकडाच्या किंवा पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेले कापड हेच त्यांचे अंग, आणि त्या कापडावर सेल्युलोजयुक्त ‘डोप’ नावाचा द्रव चोपडला नाही तर ते सैल पडे, वारा आरपार जाऊ देई आणि पावसात भिजून जड होई. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा ज्या पुस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईस टपाल घेऊन आले, त्याचे अंग असेच कापडी होते. आणि 1958 मध्ये प्रथम उडालेले, आपल्या फ्लाइंग क्लबांतून शेकडो तरुणांना तालीम देणारे, बंगळूरच्या कारखान्यात बनलेले ‘पुष्पक’ विमानही कापडाचेच होते. त्याच बंगळूरच्या कारखान्यात कोल्हापूरकडील हसूरचे आणि गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन 1951 साली उडालेले एचटी-2 हे शिकाऊ विमान मात्र धातूचे होते, आणि धातूचे विमान आले की रंगाचा हेतूच पालटतो: येथे तो अंगाला ताण देत नाही, केवळ अंगाचे रक्षण करतो.

ॲल्युमिनियम गंजत नाही, असे आपण स्वयंपाकघरातील अनुभवावरून म्हणतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियमपुरते ते बव्हंशी खरेही आहे. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो आणि आतल्या ताज्या धातूला पुन्हा उघडे पाडतो, तर ॲल्युमिनियमचा ऑक्साइड अंगाला घट्ट चिकटून स्वतःच कवच बनतो. परंतु शुद्ध धातू विमानाच्या कामाचा नाही, कारण तो फार मऊ असतो. 1906 च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड व्हिल्म यांना असे आढळले की त्यात थोडे तांबे मिसळून, तापवून, एकदम थंड करून काही दिवस तसेच ठेवले असता ते मिश्रण आपोआप कठीण होत जाते, आणि विमानविद्येला तिचा धातू मिळाला. मात्र जे तांबे बळ देते तेच गंजालाही आमंत्रण देते. म्हणून उत्पादक अशा मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ पापुद्रा लाटून देतात. हा पापुद्रा शाबूत असेतोवर पत्र्याला फारशी भीती नसते. पण पत्रा कापला की त्याची कड उघडी पडते, भोक पाडले की भोकाचा काठ उघडा पडतो, आणि घरच्या विमानात अशी भोके हजारोंच्या संख्येने पाडावी लागतात. अस्तराच्या लेपाची खरी गरज आहे ती या कडांना व भोकांना, विशेषतः दोन पत्रे एकमेकांवर चढतात आणि ओल अडकून बसते अशा सांध्यांना. याच छत्तीसगडात कोरब्याला ॲल्युमिनियम गाळण्याचा मोठा उद्योग उभा आहे. एकाच राज्यात दोन धातू, आणि दोहोंचे रोग मात्र भिन्न, हे भिलाईकराने एकदा मनाशी पक्के केले म्हणजे पुढील बरेच काही सुलभ होते.

आता वजनाकडे वळू, कारण या प्रकरणाचा गाभा तेथे आहे. लहानशा दोन आसनी विमानाचा वाऱ्यास लागणारा पृष्ठभाग, पंखांच्या दोन्ही बाजू, धड आणि शेपटी मिळून, सुमारे चाळीस चौरस मीटर धरू. त्यावर वाळलेल्या रंगाचा एक दशांश मिलिमीटर, म्हणजे शंभर मायक्रॉन जाडीचा लेप दिला तर रंगाचे घनफळ चार लिटर भरते, आणि वाळलेल्या रंगाचा एक लिटर दीड किलोग्रॅमच्या आसपास भरत असल्यामुळे एकंदर सहा किलो वजन विमान जन्मभर पाठीवर वाहत राहते. कारखान्यातील टाकीच्या हिशेबाने तिप्पट लेप दिला तर अठरा किलो. ज्या यंत्रात वैमानिकाचे सामान किलोकिलोने मोजून ठेवावे लागते, तेथे बारा किलोंची ही वाढीव रक्कम म्हणजे तेवढे इंधन किंवा तेवढे सामान प्रत्येक उड्डाणात खाली ठेवून जाणे होय. मोठ्या विमानांच्या मालकांनीही हा हिशेब केलेला आहे: दुसऱ्या महायुद्धात 1944 च्या सुमारास अमेरिकेने आपली बी-17 बाँबफेकी विमाने लढाऊ हिरवा रंग न देता चकचकीत उघड्या धातूतच कारखान्याबाहेर पाठवण्यास आरंभ केला, आणि अमेरिकन एअरलाइन्सची विमाने कित्येक दशके पॉलिश केलेल्या रुपेरी अंगानेच उडत राहिली.

वजन किती वाढले यापेक्षा ते कोठे वाढले हा प्रश्न अधिक नाजूक असतो. पंखाच्या मागील कडेस असणारे एलेरॉन, शेपटीवरील एलिव्हेटर आणि रडर हे भाग बिजागरीवर हलतात. या भागांचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या मागे सरकला तर विशिष्ट वेगाला हवा आणि भागाचे जडत्व यांच्यात अशी झटापट सुरू होते की तो भाग थरथरू लागतो, थरथर क्षणोक्षणी वाढत जाते, आणि काही सेकंदांत भाग तुटून पडण्याचा प्रसंग ओढवतो. वैमानिक याला फ्लटर म्हणतात. 1916 मध्ये हँडले पेज कंपनीच्या बाँबफेकी विमानाची शेपटी अशी थरथरली, तेव्हा इंग्लंडात लँचेस्टर यांनी तिचा अभ्यास करून दोन्ही एलिव्हेटर मजबूत नळीने एकमेकांस जोडण्याचा तोडगा काढला. आणि त्या पाठोपाठच्या दशकात हॉलंडमधील बाउमहाउअर व कोनिंग यांनी बिजागरीच्या पुढे तोलाचे वजन बसवून एलेरॉनचा कंप थांबवता येतो हे दाखवून दिले. आजही घरच्या विमानाच्या एलिव्हेटरच्या, बिजागरीपुढे येणाऱ्या शिंगात शिशाचा तुकडा असतो तो याच कारणासाठी.

समजा, हौशी रंगाऱ्याने उत्साहाच्या भरात एलिव्हेटरच्या मागच्या भागावर शंभर ग्रॅम रंग अधिक चढवला आणि त्या रंगाचे सरासरी अंतर बिजागरीपासून वीस सेंटिमीटर आहे. हा तोल भरून काढण्यासाठी बिजागरीच्या पुढे दहा सेंटिमीटरवर असलेल्या शिशाच्या तुकड्यात दोनशे ग्रॅम भर घालावी लागेल. म्हणजे शंभर ग्रॅमच्या अविचाराची किंमत तीनशे ग्रॅम, तीही विमानाच्या अगदी शेवटच्या टोकाला, जेथे एकेक ग्रॅम सबंध विमानाचा गुरुत्वमध्य मागे ओढत असतो. म्हणून जाणकार लोक हलणाऱ्या भागांचा तोल रंगवून झाल्यावर तपासतात, रंगवण्यापूर्वी नव्हे. आणि पुढे कधी कोणी रंगाची डागडुजी केली तर पुन्हा तपासतात. मोटारीच्या दरवाज्यावर रंगाचा आणखी एक हात मारला तर बिघडत काही नाही. येथे तो हात यंत्राच्या रचनेत मोजला जातो, आणि हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला रंग फवारण्याची बंदूक हातात धरण्याचा अधिकार प्राप्त झाला असे खुशाल समजावे.

फवाऱ्याच्या बंदुकीचा उगम रंगाऱ्याच्या नव्हे, वैद्याच्या दुकानात आहे. अमेरिकेतील टोलेडो येथील डॉक्टर ॲलन डेव्हिल्बिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णांच्या घशात औषध फवारण्यासाठी रबरी फुग्याचे एक उपकरण बनवले, आणि त्यांचे चिरंजीव टॉमस यांनी पुढे तेच तत्त्व रंगाला लावले. त्याच सुमारास 1893 च्या शिकागो प्रदर्शनातील विस्तीर्ण शुभ्र इमारती ब्रशाने वेळेत रंगवणे अशक्य ठरल्यामुळे नळीतून दाबाने रंग उडवण्याची युक्ती तेथेही अमलात आली. पुढे 1920 नंतर मोटारींसाठी लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ रंग बाजारात आला, आणि जे रंगकाम आठवडेच्या आठवडे चाले ते एक-दोन दिवसांत उरकू लागले. आपल्याकडील गॅरेजवाले आजही फवाऱ्याच्या कामाला त्या रंगाच्या नावानेच ओळखतात.

बंदुकीचे कार्य वाटते तितके सरळ नाही. वेगाने जाणारी हवा रंगाच्या धारेला ओढते, ताणते आणि फोडते. चांगल्या फवाऱ्यातील थेंबाचा व्यास साधारण तीस मायक्रॉन धरला तर एक मिलिलिटर रंगातून सुमारे सात कोटी थेंब निर्माण होतात, आणि त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग पाचवा हिस्सा चौरस मीटर होतो. एवढ्या प्रचंड पृष्ठभागावरून थिनर झपाट्याने उडून जात असतो. म्हणजे बंदुकीतून निघालेला रंग आणि पत्र्यावर पोचलेला रंग हे दोन निराळे पदार्थ असतात. मधल्या वीतभर अंतरात रंग घट्ट होतो. पत्र्यावर आलेले थेंब पुरेसे पातळ असतील तर पृष्ठताणाने एकमेकांत मिसळून आरसा बनवतात. घट्ट असतील तर अर्धवट मिसळून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा ठेवतात. आणि फारच पातळ असतील तर गुरुत्वाकर्षणाच्या अधीन होऊन ओघळतात. रंगाऱ्याची सारी कला ओघळ आणि साल या दोन दोषांमधील अरुंद पट्टीवर उभी असते. जुन्या बंदुका फार दाबाने हवा सोडीत, त्यामुळे निम्म्याहून अधिक रंग पत्र्याला न लागता हवेत उडून जाई. अलीकडच्या एचव्हीएलपी जातीच्या बंदुका हवा भरपूर पण टोपीपाशी दहा पौंडांहून कमी दाबाने सोडतात आणि निदान पासष्ट टक्के रंग कामी लावतात. घरच्या विमानासाठी त्या उत्तम खऱ्या, परंतु त्यांची हवेची भूक मोठी असते, आणि एक अश्वशक्तीचा लहान कंप्रेसर दोन झपाट्यांत धापा टाकू लागतो.

हात बसवण्यासाठी पुस्तकापेक्षा भिलाईच्या सुपेला किंवा पॉवर हाऊस भागातील डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात काही दुपारी उभे राहणे अधिक फलदायी, असे माझे मत आहे. तेथील उस्ताद शागिर्दाला पहिल्या दिवशी बंदूक देत नाहीत, पत्रा घासावयास देतात. पुट्टी भरणे, पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून एका लयीत फिरवणे, बोटांच्या टोकांनी उंचवटे चाचपणे, मास्किंग टेप लावताना कड नखाने दाबणे, यांतच शिक्षणाचा मोठा भाग संपतो, आणि ते योग्यच आहे. विमानाच्या पत्र्याला मात्र एक पथ्य अधिक पाळावे लागते: जाड पेपर वापरला तर शुद्ध ॲल्युमिनियमचा तो पापुद्राच घासून जातो. म्हणून येथे बारीक घर्षण आणि मुख्यतः रासायनिक स्वच्छता यांवर भर असतो. तेल-चिकट काढल्यावर पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतून पाहतात. पाण्याचा अखंड पडदा टिकला तर पत्रा निर्मळ, कोठे पडदा फाटून थेंब जमले तर तेथे बोटाचा तेलकट ठसा उरला आहे असे समजावे. या परीक्षेत सुगीच्या दिवसांतील शेतकऱ्याइतकीच सावधगिरी लागते, आणि एकदा पत्रा उत्तीर्ण झाला की हातमोज्याशिवाय त्याला स्पर्श करू नये.

बंदूक हाती आली म्हणजे प्रथम तिच्यात रंग न भरता पाणी भरावे आणि जुन्या पुठ्ठ्यावर हात चालवावा. पत्र्यापासून अंतर सहा ते आठ इंच, मनगट ताठ, हात खांद्यापासून हलवावयाचा, म्हणजे बंदूक कमानीत न फिरता पत्र्याला समांतर जाते. नवशिक्याचे मनगट झपाट्याच्या दोन्ही टोकांना वळते, त्यामुळे मध्यभागी रंग जास्त आणि कडांना कोरडा पडतो. बंदुकीची गती आधी सुरू करावी आणि घोडा मागून दाबावा; थांबताना घोडा आधी सोडावा आणि हात मागून थांबवावा; हा क्रम उलटला की प्रत्येक टोकाला ओघळ ठेवलेलाच. दुसरा झपाटा पहिल्याच्या निम्म्या रुंदीवर चढला पाहिजे. नजर बंदुकीवर नसावी, नुकत्याच पडलेल्या ओल्या पट्ट्यात दिव्याचे प्रतिबिंब कसे दिसते यावर असावी, कारण रंगाऱ्याला बातमी देणारी जागा तीच. पहिला हात अगदी विरळ, पकड देण्यापुरता. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकला म्हणजे दुसरा, ओला आणि भरदार हात. रंग किती पातळ केला हे डोळ्यांनी ठरवण्याची गॅरेजातील सवय सोडून, तळाला ठरावीक छिद्र असलेला, रंगाने भरलेला कप किती सेकंदांत रिकामा होतो हे मोजणे विमानाच्या कामात श्रेयस्कर.

कोणत्या भागापासून प्रारंभ करावा याविषयी माझा आग्रह आहे तो पंखाच्या आतील फासळ्यांचा. त्या नंतर कायमच्या पत्र्याआड जातात, त्यांना चकाकी नको असते, फक्त अस्तर हवे असते, आणि त्यांचे कोनेकोपरे इतके अवघड असतात की त्यांवर हात बसला तर सपाट पत्रा पुढे लीलया साधतो. कोपऱ्यात बंदूक रोखली की आत गेलेली हवा उलट फिरून थेंबांना बाहेर फेकते आणि कोपरा कोरडाच राहतो. तेथे दाब कमी करून, फवाऱ्याचा पंखा आकुंचित करून, दोन्ही बाजूंकडून तिरपे जावे लागते. अशा लहान भागांना तारेने लटकावून रंगवणे चांगले, पण तार सैल असेल तर फवाऱ्याच्या वाऱ्याने भाग गरगर फिरू लागतो. म्हणून दोन ठिकाणी बांधावे. अस्तराचा लेप एवढाच द्यावा की खालचा धातू किंचित झळकत राहील. अगदी एकसंध हिरवा किंवा राखाडी पृष्ठभाग पाहून नवशिक्याला समाधान होते खरे, परंतु बहुधा तो समाधानापुरता वजनाचा अपव्यय असतो.

भिलाईच्या ऋतुमानाने या विद्येत आपली कलमे घातलेली आहेत. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा थेंब पत्र्यावर पोचण्यापूर्वीच वाळतो आणि हात फिरवला तर पिठासारखी भुकटी लागते. अशा दिवसांत सावकाश उडणारा थिनर वापरून, पहाटेच काम उरकावे. आषाढ-श्रावणात संकट वेगळे. हवेला कंप्रेसरने अष्टमांश आकारात दाबले की तिला एवढी वाफ पोटात धरवत नाही. ती टाकीत पाणी होऊन साचते आणि नळीतून येऊन ऐन ओल्या रंगात बुडबुड्यासारखे वण उठवते. टाकीखालचा नळ रोज उघडून पाणी काढणे, नळीवर पाणी वेगळे करणारा सापळा बसवणे आणि नळी लांब ठेवून हवा निवू देणे हे उपाय आहेत. पण भर पावसात काम बंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. कारखान्यातील रंगतपासनिसांचा एक नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो: धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी वर असल्याखेरीज रंग लावू नये. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे महिने खरे रंगकामाचे. मात्र तेव्हाही कारखान्याच्या नगरीत हवेत लोहकण असतात, आणि ओल्या पांढऱ्या रंगात रुतलेला एक सूक्ष्म लोहकण पुढील पावसाळ्यात नारिंगी डाग होऊन प्रकट होतो. म्हणून पडदे लावलेली, जमिनीवर पाणी शिंपडलेली बंदिस्त खोली हवी.

बंदिस्त खोली म्हटली की विषाचा विचार करणे आलेच, आणि येथे मी जरा कठोर होणार आहे. पहिल्या महायुद्धात विमानाच्या डोपमधील टेट्राक्लोरोएथेनमुळे कारखान्यांतील कामगारांना, विशेषतः स्त्रियांना, काविळीचा घातक विकार जडला, आणि काही दगावले तेव्हा तो द्रावक वर्ज्य झाला. जस्ताच्या क्रोमेटचे पिवळट हिरवे अस्तर गंजाला उत्तम रोखते, पण त्यातील क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याची घासलेली धूळ म्हणजे फवाऱ्याइतकीच वाईट. आणि आजचा सर्वांत चकचकीत, सर्वांत टिकाऊ पॉलियुरेथेन रंग, ज्याच्या रसायनाचा पाया 1937 मध्ये लेव्हरकुसेन येथे ओटो बायर यांनी घातला, तो दोन डब्यांत येतो, आणि दुसऱ्या डब्यातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. भोपाळमध्ये 1984 च्या डिसेंबरात ज्या वायूने हजारो बळी घेतले तोही आयसोसायनेटच होता. हार्डनरमधील पदार्थ त्याच्याइतका बाष्पशील नाही, हे खरे. पण रासायनिक गट तोच, आणि फवारा तर त्याचे अदृश्य धुके करूनच सोडतो. त्याला वास लक्षात यावा इतका नसतो, कोळशाच्या काडतुसाचा मुखवटा केव्हा निकामी झाला ते कळत नाही, आणि एकदा फुप्फुसाला त्याची अॅलर्जी जडली की अत्यल्प मात्रेनेही दमा उसळतो आणि जन्मभर पिच्छा पुरवतो. बाहेरची शुद्ध हवा नळीने आणून देणारा टोप नसेल तर हा रंग घरी मारू नये, परवानाधारक रंगशाळेत द्यावा. तोंडाला रुमाल बांधून तो मारणारे कारागीर आपण रोज पाहतो, पण ते अनुकरणीय नाहीत. खोलीतून वाफ ओढून घेणाऱ्या पंख्याचा मोटर-भाग वाफेच्या मार्गाबाहेर असावा, कारण थिनरची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचते आणि एक ठिणगी तिला पुरते.

रंगाची निवड पत्र्याच्या विमानात बरीचशी आवडीची बाब आहे. फायबर काचेच्या विमानात तशी नाही. बर्ट रूटन यांनी 1975 मध्ये व्हेरीईझ हे फेसाच्या गाभ्यावर काचकापड व एपॉक्सी चढवलेले विमान उडवले तेव्हापासून त्या घराण्यातील विमाने पांढरीच असावीत असा दंडक पडला. गडद रंग उन्हात इतका तापतो की एपॉक्सी मऊ पडण्याच्या मर्यादेस येते. भिलाईच्या मे महिन्यात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीच्या टपाला हात लावून पाहणाऱ्यास या दंडकाचा पुरावा निराळा शोधावा लागत नाही. धातूच्या विमानातही चाकांची आवरणे आणि पंखांची टोके बहुधा फायबरची असतात, तेव्हा लाल पट्टे काढणाराने हा विचार करावा.

शेवटी उरतात ती नोंदणीची अक्षरे. भारतीय विमानांना व्हीटी हे आद्याक्षर आहे, आणि आंतरराष्ट्रीय संकेतानुसार ही अक्षरे पंखाच्या खालच्या बाजूस निदान पन्नास सेंटिमीटर आणि धडावर निदान तीस सेंटिमीटर उंचीची, पार्श्वभूमीपासून स्पष्ट उठून दिसतील अशी असावी लागतात. ती मास्किंग टेपने आखून, एकाच विरळ हाताने मारावीत, आणि टेप रंग पुरता वाळण्याआधी, मागे दुमडून, हळू ओढून काढावी. पूर्ण वाळल्यावर ओढली तर अक्षराची कड दातेरी होते. त्यानंतर एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर पुन्हा उतरवून त्यांचा तोल पाहावयाचा, आवश्यक तेथे शिसे वाढवावयाचे किंवा खरवडावयाचे, आणि सर्व भाग जोडून विमान आडव्या पातळीत आणून तिन्ही चाकांखाली एकेक काटा ठेवावयाचा. तिन्ही आकड्यांची बेरीज हे विमानाचे रिकामे वजन. प्रत्येक आकड्याला त्या चाकाच्या संदर्भरेषेपासूनच्या अंतराने गुणून, गुणाकारांच्या बेरजेला एकूण वजनाने भागले की गुरुत्वमध्य मिळतो. रंगापूर्वी घेतलेले आकडे यांतून वजा करून पाहिले तर आपल्या हाताने किती रंग चढवला हे किलोंत कळते, आणि हा नवा आकडा, जुना खोडून, विमानाच्या दस्तऐवजात तारीख व सही यांसह नोंदवला जातो.